माझी गाठ दोऱ्याने गेली नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मला टीबी झाला होता. मानेच्या गाठींचा क्षय. "थोडा अशक्तपणा होता", "अंगात उष्णता साठली होती", "काहीतरी गाठीचं होतं" असलं काही नव्हतं. टीबी होता, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाल्ल्या आणि बरी झाले. एवढंसं वाक्य चार माणसांत बोलायला मला जवळजवळ सगळं आजारपण लागलं. ते माझ्या तोंडून निघू नये म्हणून घरच्यांनी जेवढी धडपड केली, तेवढी माझ्या औषधासाठी केली असती तर मी कोणावर रागावले नसते.

मी रागावलेली आहे. राग आला की मला गोष्टी नीट आठवतात, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आधी दाढ गेली

अमरावतीत आमचं फुलांचं दुकान आहे. शेत नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे माल येतो आणि दुकानामागच्या खोलीत मोठ्या चटईवर बसून आम्ही बाया हार ओवतो. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, भिंतीला टेकून बसतात आणि त्यांच्या उजव्या हाताला मी. लग्न होऊन आले तेव्हापासूनची ती माझी जागा. स्वतःच्या तोंडाने सांगते, नवरदेवाचा हार माझ्यासारखा आमच्या बाजारात कोणाला जमत नाही. फूल हातात आलं की ते हाराच्या पोटाशी जाईल की टोकाला, हे मला कळतं.

त्या लग्नसराईत मान ओढल्यासारखी व्हायला लागली. कानाखाली हात लावला तर बोराएवढी गाठ. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं आपल्याकडे समजतात. पहिल्या डॉक्टरांनी दाढेकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांनी ती दाढ काढली. चांगली, भाकरी चावणारी दाढ! गाठ जागच्या जागी राहिली आणि दाढ गेली. मग कानात तेल झालं, ताकदीच्या बाटल्या झाल्या. रोज सांजेला अंगात कसर यायची, पोलकी ढिली झाली, आणि शेजारणी म्हणायच्या, "बारीक झाली वो, छान दिसून राहिली." मीही वेडी, आरशात बघून खूष व्हायचे.

शेवटी सरकारी दवाखान्यात गाठीत सुई घालून आतलं तपासायला पाठवलं. त्याचा रिपोर्ट हाती आला त्या दिवशी टीबी विभागाच्या डॉक्टरबाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला, प्रमोदला, समोर बसवलं. बाई तरुण, बाहेरगावच्या, बोलणं स्वच्छ.

"गाठीचा टीबी आहे. छातीचा फोटो चांगला आला आहे. तुमच्यापासून हा कोणाला लागणार नाही. निदान सहा महिने औषध घ्यायचं, मधे सोडायचं नाही. पूर्ण बऱ्या व्हाल."

चार चांगली वाक्यं आणि एक वाईट. मला फक्त वाईट ऐकू आलं. प्रमोदने विचारलं, "मॅडम, कोनाले सांगा तं नाई लागत ना?"

मला वाटलं होतं तो विचारेल, हिला दुखेल का, हिने खायचं काय. गाडीवरून परत येताना म्हणाला, "घरी सांगू. बाहेर नको सांगू. फुलाचा धंदा आहे आपला, रजनी." माझ्या तोंडाला उन्हाचा दुपट्टा बांधलेला होता, त्यामुळे मागे बसून मी रडले ते त्याला कळलं नाही. कळलं असतं तरी काय, गाडी चालवतच होता.

माझ्या जागेवर टोपली

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "सुई ओवताना थुका लावते तू."

तर लावते. दोऱ्याचं टोक ओठात ओलं केल्याशिवाय सुईच्या नेढ्यात जात नाही. अमरावतीतली, अकोल्यातली, जगातली प्रत्येक हार करणारी बाई हेच करते. आत्याबाईसुद्धा करतात. देवाच्या गळ्यात पडणाऱ्या प्रत्येक हाराच्या दोऱ्याला कोणाची तरी थुंकी लागलेली असते आणि आजवर देवाने तक्रार केलेली नाही. पण आता ती थुंकी माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटईवर माझ्या जागेवर झेंडूची भरलेली टोपली ठेवलेली. टोपली ठेवली की झालं. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि मुलीला सांगितलेलं की आईजवळ झोपू नको. मी म्हटलं, "आत्याबाई, डॉक्टरीणबाईनं सांगतलं, गाठीचा टीबी कोनाले लागत नाई."

"डॉक्टरनीचं काय जाते? तिले हार इकाचे आहेत का?"

मी घरात वरण-भात केला तर चालायचा. तो सगळे जेवायचे. भांडी घासलेली चालायची. फक्त गिऱ्हाइकाला दिसेल असं माझं काही नको होतं. म्हणजे भीती जंतूची नव्हतीच, भीती लोकांची होती. हे मला तेव्हाच कळलं आणि तेव्हापासून जो राग डोक्यात बसला तो अजून उतरलेला नाही.

माझं माहेर अकोल्याचं. भावजय भेटायला आली. माझं वेगळं ताट पाहिलं, काही विचारलं नाही, आणि माझ्याच ताटात भाकर मोडून जेवायला बसली. "भाजीत मीठ कमी पडलं," म्हणाली. त्या बाईचं आणि माझं कधी फार जमलं नव्हतं. आता तिने माझा गळा धरला तरी मी तिच्याविरुद्ध बोलणार नाही.

टीबीवाले

दवाखान्यात माझं आडनाव बदललं. शिपाई ओरडायचा, "टीबीवाले इकडच्या लायनीत!" सगळी ओपीडी वळून बघायची. कानाचे पेशंट होते, पोटाचे होते, त्यांना कोणी "पोटवाले" म्हणत नव्हतं. एकदा मी त्याला म्हटलं, "दादा, मले नाव आहे." तो म्हणाला, "मंग नावाची लाइन कुठं लावू मावशी?" हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्त राग आला.

तिथल्या बाकावर सेमाडोहकडची एक बाई भेटायची. तिच्याही मानेत गाठी. एवढ्या लांबून यायची, की आदल्या दिवशीच घर सोडावं लागायचं. गोळ्यांनी माझ्या पोटात ढवळायचं, तोंडाला पाणी सुटायचं. तिने एकदा पदरात बांधलेले फुटाणे काढून मूठभर माझ्या हातावर ठेवले आणि खा म्हणून मान हलवली. फुटाण्यांनी खरंच बरं वाटतं. ज्यांना गोळ्यांनी मळमळतं त्यांनी करून पाहावं, पण गोळीनंतर थोड्या वेळाने. आणि लघवी केशरी होते, झेंडूच्या टोपल्या धुतल्यावर पाणी निघतं तशी. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं रक्तच चाललं आणि मोरीतच मटकन बसले. तुम्ही बसू नका, ते औषधाचं आहे.

कमी कुठे पडलं?

घरात ज्यांना माहीत होतं ते सगळे रातोरात वैद्य झाले. "तुह्यी इम्युनिटी कमी असन." हा शब्द हल्ली सगळ्यांच्या जिभेवर आहे. गुळवेल पी, काढा पी, बदाम भिजव, अमुक पावडर घे. दिराने टीव्हीत पाहून एक डबा आणून दिला. त्यावर एक पहिलवान होता. वाक्यं सगळी काळजीची आणि सूर मात्र असा, की मीच काहीतरी खायचं चुकवलं, मीच अंगाची हेळसांड केली. पहाटे उठून मण मण फुलं ओवणाऱ्या बाईला हे सांगायचं! कमजोर असते तर तुमची लग्नसराई कोणी ओढली असती?

पण मनात किडा शिरलाच. एका खेपेला मी डॉक्टरबाईंना विचारलं, "माझी प्रतिकारशक्ती कमी पडली का?"

बाहेर रांग होती, तरी बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हा जंतू श्वासातून आत जातो. तुमच्यात कदाचित कित्येक वर्षांपूर्वी गेला असेल. फुप्फुसात काही पेशी असतात, बाहेरचं काही आलं की गिळून टाकणाऱ्या. त्यांनी याला गिळलं. दुसरे जंतू गिळल्यावर मरतात. हा पुष्कळदा मरत नाही. त्या पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतो."

"ज्यानं गिळलं त्याच्याच घरात?"

"त्याच्याच. मग ती पेशी इतरांना बोलावते. दुसऱ्या पेशी येतात, तिच्याभोवती कडं करून बसतात. जंतूला मारता आलं नाही तरी बाहेर पडू देत नाहीत. बहुतेकांचं ते कडं जन्मभर टिकतं, त्यांना कळतसुद्धा नाही की आत कोणी बसलं आहे. काहींचं सैल होतं."

"माझं कावून झालं?"

"ते मला सांगता येणार नाही. कधी मधुमेह असतो, कधी पोटभर खायला नसतं, कधी दुसऱ्या औषधांनी होतं. तुमच्यात तसं काही सापडलं नाही. मानेतल्या या गाठी म्हणजे त्या पेशींच्या चौक्या. जंतू तिथे पोहोचला आणि तुमच्या पेशी तिथे जमल्या. तुमच्या हाताला जे लागतं ना, त्यात जंतू थोडे, तुमच्याच पेशी जास्त."

"ते मला सांगता येणार नाही" हे वाक्य मला सगळ्या काढ्यांपेक्षा जास्त लागू पडलं. इतक्या दिवसांत एवढं एकच माणूस भेटलं ज्याला सगळं माहीत नव्हतं. आणि घरी जाताना वाटलं, म्हणजे मी काही हात टेकून बसलेली बाई नव्हे. मी दुकानात हार ओवत होते तेव्हा आत कोणीतरी माझ्यासाठी कडं धरून बसलं होतं, कदाचित वर्षानुवर्षं. त्यांना "कमी" म्हणणाऱ्यांच्या तोंडावर तो पहिलवानाचा डबा फेकून मारावासा वाटला. फेकला नाही. दिराच्या मुलांनी तो दुधातून संपवला.

पोळ्याच्या सुमारास

औषधाने पहिल्या दोन महिन्यांत उतार पडला. सांजेचा ताप गेला, भूक लागायला लागली, पोलकी पुन्हा अंगाला बसली. आता सुटले, असं वाटलं. आणि पोळ्याच्या सुमारास गाठ परत वाढायला लागली. बोराची लिंबाएवढी झाली, तिच्या शेजारी आणखी दोन आल्या, कातडी लाल आणि तुकतुकीत. मान वळेना. मी न्हाणीत दार लावून बसले आणि पहिल्यांदा मनात आलं की मी मरणार, मुलगी दहावीलाही गेली नाही अजून, आणि या घरात तिला कोण सांगेल की तिची आई कशाने गेली? हे लोक तिलाही "अशक्तपणा" म्हणून सांगतील.

डॉक्टरबाईंनी पुन्हा सुई घातली, पुन्हा तपासायला पाठवलं. औषधाला न जुमानणारा जंतू तर नाही, हे आधी बघावं लागतं म्हणाल्या. ते आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. शेवटी बाई म्हणाल्या, "औषध बरोबर लागू पडतंय. जंतू मरताहेत. मेलेल्या जंतूंचे तुकडे गाठीत पसरले आहेत, आणि इतके दिवस दबून असलेल्या तुमच्या पेशी आता जोर करून आल्या आहेत. समोरचा मेला आहे हे त्यांना कळत नाही. काही जणांना असं होतं. सूज ओसरेल."

मी बाईंवरच ओरडले. "आता जाग्या झाल्या का त्या? इतके दिवस कुठं मेल्या होत्या?"

बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि असं फुगलं की स्वतःच अंदाज बांधून घरी बसायचं नाही, इथे येऊन दाखवायचं." गाठीतलं पू-पाणी सुईने काढलं. दुखलं. मी बाकाची कड धरून आतल्या फौजेला शिव्या घातल्या. चोर मेल्यावर लाठ्या घेऊन यायचं आणि घरातलीच मडकी फोडायची, अशी जात!

पण मला हे सांगायला डॉक्टर होत्या. घरी आत्याबाईंना फक्त डोळे होते. औषधापूर्वी गाठ लहान, औषधानंतर मोठी. त्यांनी सरळ हिशेब केला.

"दिसून राहिलं ना डोयानं! औषध लागू नाई पडून राहिलं. गंडमाळ आहे ते. दवाखान्याचं काम नाई."

दोरा

मानेच्या गाठींना आपल्याकडे जुनं नाव गंडमाळ. तिच्यावर दोरा बांधतात. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे एका खेड्यात एक म्हातारे बाबा रविवारी सूर्य निघायच्या आत बांधायचे. काळा दोरा, त्यात कसल्याशा मुळीचे तुकडे. पैसे घेत नसत, फक्त नारळ. निघताना मागे वळून बघायचं नाही. आणि एक अट: दोरा आपोआप गळून पडेपर्यंत दुसरं कुठलंही औषध पोटात जायचं नाही.

आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. प्रमोद म्हणाला, "एक दोरा तं आहे. बांधून घे ना, काय बिघडते?" डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोरा बांधा, ताईत बांधा, काय हवं ते बांधा. गोळी चुकवू नका." म्हणून आत्याबाईंबरोबर बाबांकडे गेले.

बाबा भला माणूस होता. माझी मान हलक्या हाताने पाहिली. म्हणाला, "दवाखान्याचं बंद करा लागते, बाई."

"करते बंद," आत्याबाई बोलल्या.

"नाई करत," मी बोलले.

बाबाने दोघींकडे पाहिलं. "मंग गुन येनार नाई," म्हणाला, आणि तरी बांधला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे माहीत होतं ते त्याने तोंडावर सांगितलं. आमच्या घरातल्या कोणी एवढं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या समोर उभी राहून पेल्यात पाणी ओतलं आणि गोळ्या गिळल्या. लपूनछपून काही केलं नाही. त्यांनी चुलीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मी गोळ्या काढल्या की त्या तोंड फिरवायच्या. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी गोळ्या घेते आहे, आणि प्रत्येकजण ते माहीत नसल्यासारखं वागत होता.

दसऱ्याला मी बरी झाले

सूज हळूहळू उतरली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तशीच, तेवढ्याच सावकाश. आणि दोरा कुजून तुटला, तोही त्याच सुमारास.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शेतातला झेंडू गाडीभर उतरतो. तोरणं, हार, गाड्यांच्या माळा. हात कितीही असले तरी कमी पडतात. त्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या जागेवरची टोपली उचलली आणि म्हणाल्या, "बस."

आदल्या आठवड्यापर्यंत माझी थुंकी विषारी होती, आणि झेंडूची गाडी लागली तशी ती गंगाजळ झाली. डॉक्टरांनी मला त्यानंतर कितीतरी महिन्यांनी बरी म्हटलं, पण घरच्या पंचांगाप्रमाणे मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बरी झाले.

उठून जायला हवं होतं, पण बसले. खरं सांगते, सुई हातात घेतल्यावर इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि गिऱ्हाइकांत गोष्ट फिरायला लागली: रजनीला गंडमाळ झाली होती, दोऱ्याने गेली. टीबी कोणाला सांगितला नाही, गंडमाळ मात्र सगळ्यांना सांगितली. गंडमाळ म्हटलं की लोक हळहळतात, टीबी म्हटलं की हार परत करतात. आत्याबाई हौसेने सांगायच्या. मी खाली मान घालून ओवत राहायचे. तोंड उघडलं तर टोपली परत येईल, हे मला माहीत होतं.

मार्गशीर्षातला गुरुवार

मार्गशीर्षातल्या गुरुवारी दुकानात बायांची झुंबड असते. त्या दिवशी प्रमोद गल्ल्यावर, मी आणि आत्याबाई गर्दीमुळे पुढेच बसून वेण्या करत होतो. तेवढ्यात आत्याबाईंची मावसबहीण, अकोल्याची कुसुममावशी, मुलीला घेऊन आली. मुलगी पल्लवी, कॉलेजात जाणारी. गळ्याभोवती दुपट्टा गच्च गुंडाळलेला.

"रविवारी जातो बाबाकडं," कुसुममावशी आत्याबाईंना म्हणाल्या. "तू फोनवर सांगतलं तसंच केलं. दवाखान्याच्या गोया बंद केल्या हिच्या. दोन महिने घेतल्या, काय उपेग? उलट्या गाठी वाढल्या."

माझी सुई थांबली.

आत्याबाईंनी हात लांब करून माझा पदर मानेवरून ओढला. भर दुकानात. "पाह्य पल्लवी, तुह्या वहिनीची मान पाह्य. एवढाली गंडमाळ होती. दोऱ्यानं गेली."

पल्लवीने दुपट्टा थोडा सैल केला. तशीच गाठ. लाल, तुकतुकीत. तिने माझ्या मानेकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढी आशा होती की माझ्या अंगाचा भडका उडाला. हिच्या आत कोणीतरी लढतंय, जिंकायला आलंय, आणि आम्ही घराची अब्रू झाकायला तिची रसद तोडतो आहोत. हिचं काही झालं तर ते माझ्या मानेवर.

मी उभी राहिले. वेणी मांडीवरून खाली पडली.

"मले गंडमाळ नव्हती, टीबी होता. गाठीचा टीबी. दोऱ्यानं नाई गेला. दोरा होता तवा मी रोज गोळ्या खाल्ल्या, आजही खाल्ल्या. ह्या आत्याबाईच्या समोर खाल्ल्या. इचारा त्याईले!"

कुसुममावशी आत्याबाईंकडे बघत राहिल्या. आत्याबाईंनी समोरची शेवंती सारखी करायला घेतली.

"मंग वाढल्या कावून हिच्या गाठी?" कुसुममावशींचा आवाज चिडका होता, पण त्यात रडू होतं.

"माह्याही वाढल्या होत्या. औषधानं जंतू मरतात ना, तं आपल्याच अंगातल्या पेशी तिथं गर्दी करतात, म्हनून सूज येते. काही जनाले होते असं. हिचं तसंच आहे का दुसरं काही, ते मी नाई सांगू शकत अन् तुमी बी नाई. डॉक्टर तपासून सांगतीन. पन गोळ्या बंद करून तुमी त्या जंतूले पाय पसराले जागा देऊन राहिल्या, मावशी."

एका नेहमीच्या गिऱ्हाइकीण बाईने हातातला हार हळूच पाटीवर ठेवला. "देवाले चालन का वो हे?" तिने प्रमोदला विचारलं.

प्रमोद माझ्याकडे बघत होता. जिथे चूप राहता येतं तिथे हा माणूस चूप राहतो. म्हटलं, आताही राहील. तो म्हणाला, "तिच्याच हातचा आहे. आजवर तिच्याच हातचे नेले तुमी. नेत असान तं न्या, नाई तं ठेवा."

बाईने ठेवला. तिच्या मागून आणखी दोघी निघून गेल्या. गुरुवार असून त्या दिवशी निम्म्या वेण्या दुकानात सुकल्या. त्यातल्या काही गिऱ्हाइकिणी अजूनही दुसऱ्या दुकानात जातात, आणि मला पाहून रस्ता बदलतात. बदलोत. माझी जागा आता कोणी दिलेली नाही. मी रोज जाऊन बसते. आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. पण टोपली त्या जागेवर पुन्हा ठेवली नाही.

पल्लवीने तेवढ्या गोंधळात माझा हात धरला. "वहिनी, बंद केलेल्या गोळ्या पुन्हा चालू करता येतात?"

"आपल्या मनानं नाई. चाल, डॉक्टरीणबाईकडं जाऊ."

चप्पल घातली आणि तिला घेऊन गेले. कुसुममावशी मागून आल्या, नाइलाजाने, दर चार पावलांवर कपाळाला हात लावत. डॉक्टरबाईंनी पल्लवीला तपासलं, पुन्हा सुई घातली, अकोल्याच्या दवाखान्यात फोन केला आणि औषध परत चालू करायची सोय लावली. मला काही बोलल्या नाहीत. कुसुममावशींना मात्र अर्धा तास समोर बसवलं.

माझं औषध नंतर संपलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी मान चाचपून पाहिली आणि "झालं" म्हणाल्या. पेढे वाटायला हवे होते, पण मला पल्लवीची धास्ती होती. तिकडे अकोल्यात घर सगळं विरोधात, रोज कोणी ना कोणी तिला सांगणार की तुझी वहिनी वेडी आहे, दोरा बांध. एकदा बंद केलेलं पोरीने पुन्हा बंद केलं तर?

परवा सकाळी तिचा फोन आला. मागे रडारड ऐकू येत होती.

"वहिनी, गाठ फुटली. पू येऊन राहिला. आई रडून राहिली, मामा म्हनतात पाहा, म्हटलं होतं ना."

म्हटलं, "स्वच्छ कपडा लावून ठेव, अन् दवाखान्यात जाय आत्ताच. गोळी घेतली का आजची?"

"घेतली ना. आधी गोळी घेतली, मंग तुमाले फोन केला."